ताळा कशाशी करायचा? टेस्टिंग शिकणाऱ्यांचे प्रश्न

या वेळी सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकणाऱ्यांची पत्रं एकत्र घेतली आहेत. काही फार लांब होती, ती आटोपशीर केली. नव्या वाचकांसाठी माझी ओळख: आधी मी ऑडिटमध्ये व्हाउचर तपासत असे, मग सॉफ्टवेअर तपासू लागले. टेबल बदललं, खोड तीच राहिली.

प्रश्न: ताई, मी टेस्टिंगचा कोर्स करतो आहे. इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंग (सारख्या वागणाऱ्या मूल्यांचे गट पाडणं), बाउंडरी व्हॅल्यू (सीमेवरची मूल्यं तपासणं), डिसिजन टेबल (अटी आणि त्यांच्या उत्तरांचा तक्ता), सगळ्यांच्या व्याख्या पाठ आहेत. आयएसटीक्यूबीच्या (टेस्टिंगचं प्रमाणपत्र देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) फाउंडेशन परीक्षेचे सराव पेपरही चांगले जातात. पण समोर खरा स्क्रीन आला की हात थांबतो. बरोबर पासवर्ड, चुकीचा पासवर्ड, रिकामा पासवर्ड, की संपलं. थिअरी आणि प्रॅक्टिकलचा सांधा कुठे जुळतो?

उत्तर: परीक्षेचं आधी बोलून मोकळी होते. ४० प्रश्न, ६० मिनिटं, २६ बरोबर आले की पास. परीक्षेची भाषा तुमची मातृभाषा नसेल तर २५ टक्के जादा वेळ मिळतो, तो मागून घ्या. अभ्यासक्रम संकेतस्थळावर फुकट आहे आणि नीट लिहिलेला आहे. पण ती परीक्षा दिलेल्या पर्यायांतून निवडण्याची. खऱ्या स्क्रीनवर पर्याय कोणी छापून ठेवत नाही, म्हणून तुमचा हात थांबतो.

आता कागद घ्या. एक प्रोग्रॅम तीन पूर्णांक घेतो, त्यांना त्रिकोणाच्या बाजू समजतो आणि त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज ते सांगतो. याच्या टेस्ट केसेस लिहा, म्हणजे कोणते आकडे टाकून तपासाल त्याची यादी. लिहून झाल्याशिवाय पुढचा परिच्छेद वाचू नका. (वाचणार आहात, ठाऊक आहे.)

हे कोडं ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ साली टेस्टिंगवरच्या आपल्या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला घातलं. आपली यादी तपासून बघायला त्यांनी १४ प्रश्न दिले, आणि मुरलेल्या प्रोग्रॅमरांनाही सरासरी ७.८ गुणच पडतात अशी नोंद केली. ३, ४, ५ सगळेच लिहितात. १, २, ३ किती जण लिहितात? दोन बाजूंची बेरीज तिसरीइतकीच, म्हणजे त्रिकोण नाहीच, नुसती रेघ. प्रोग्रॅमरने ‘पेक्षा मोठी’ लिहायच्या जागी ‘पेक्षा मोठी किंवा समान’ लिहिलं असेल तर तो इथे सापडतो. १, २, ४ दिलंत तर निसटतो, कारण तिथे दोन्ही अटी एकच उत्तर देतात. बाउंडरी व्हॅल्यूची व्याख्या तुम्हाला पाठ आहे, तिच्यामागचं कारण हे: माणूस अट लिहिताना बरोबर सीमेवरच घसरतो.

मग १, ३, २ आणि ३, १, २ हेही द्यायचं, कारण तीन तुलनांपैकी एकच बिघडलेली असू शकते. मग शून्य, ऋण संख्या, दोनच आकडे, आकड्याच्या जागी अक्षर. माझी स्वतःची भर म्हणजे तिन्ही बाजू २१४७४८३६४७. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. दोन बाजूंची बेरीज त्यात मावत नाही, जावासारख्या भाषेत ती उलटून उणे २ होते, आणि प्रोग्रॅम छातीठोकपणे सांगतो की हा त्रिकोणच नव्हे.

मायर्स यांचा चौदावा प्रश्न असा आहे: प्रत्येक केससमोर अपेक्षित उत्तर लिहिलंत का? बघा आपल्या कागदाकडे. तुम्ही विचारलेला सांधा इथे आहे. आकडे टाकून ‘काय होतं ते बघू’ म्हणणारा माणूस पुढे जे दिसेल ते मान्य करत जातो, कारण पडद्यावर आलेली गोष्ट नेहमी बरोबरच वाटते. आधी काय यायला हवं ते लिहायचं, मग बटण दाबायचं. आणि ‘काय यायला हवं’ हे ठरवायचं कशावरून, म्हणजे ताळा कशाशी करायचा, हा टेस्टिंगमधला सर्वांत अवघड प्रश्न आहे. थिअरीत त्याला ओरॅकलचा प्रश्न म्हणतात. कोर्समध्ये तो अर्ध्या पानात उरकतात आणि व्याख्यांना आठवडा देतात, हे मला कधीच पटलेलं नाही.

उदाहरण घेऊ. रजेच्या अर्जाचा फॉर्म: पासून तारीख, पर्यंत तारीख, खाली ‘एकूण दिवस’ आपोआप येतात. दोन्ही खोक्यांत एकच तारीख टाकली तर उत्तर एक की शून्य? नुसती वजाबाकी करणारा प्रोग्रॅम शून्य म्हणेल. मध्ये सुट्टीचा दिवस आला तर तो मोजायचा का? सुट्टीच्या दिवशीच रजा सुरू केली तर? २८ फेब्रुवारी ते १ मार्च हे साध्या वर्षी दोन दिवस, लीप वर्षी तीन. आणि शतकाच्या वर्षांत २००० लीप होतं, १९०० नव्हतं, २१०० नसेल. ३१ डिसेंबरच्या पलीकडे गेलेली रजा कोणत्या वर्षाच्या खात्यातून वजा करायची? आधीच मंजूर झालेल्या रजेवर दुसरी टाकली तर? अर्ज करणारा दुसऱ्या टाइम झोनमध्ये असेल तर? ही शेवटची शंका हवेतली नाही. जावास्क्रिप्टमध्ये ‘वर्ष-महिना-दिवस’ अशी नुसती तारीख वाचली की ती ग्रीनिचच्या मध्यरात्रीची धरली जाते, आणि ग्रीनिचच्या पश्चिमेला बसलेल्या माणसाला ती एक दिवस मागे दिसू शकते.

यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं रिक्वायरमेंटमध्ये नसतात. तिथे लिहिलेलं असतं, ‘रजेचे दिवस मोजावेत.’ मग विचारायचं. ज्याला विचारलं त्यालाही ठाऊक नसेल, तर तुम्ही एकही बटण न दाबता एक बग शोधलात, आणि तो कोड लिहिण्याआधी सापडला तर सगळ्यांत स्वस्त पडतो.

सराव म्हणून तुमच्या फोनमधलं कॅलेंडर घ्या आणि रोज एकच तंत्र त्यावर चालवा. आज फक्त सीमा. उद्या फक्त अवस्था: कार्यक्रम तयार केला, बदलला, पुन्हा पुन्हा येणारा केला, त्यातला एकच रद्द केला, मग मूळच पुसला. परवा डिसिजन टेबल. सगळी तंत्रं एकदम घेतलीत की पुन्हा हात थांबेल.

प्रश्न: मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, कोडिंग अजिबात येत नाही. टेस्टिंग जमेल का? की प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यांसाठी ही मागच्या दाराची वाट आहे असं लोक म्हणतात ते खरं?

उत्तर: लोकांना म्हणू दे. जमेल, पण कोडिंगला कायमची पाठ दाखवून नाही.

आधी एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) शिका, ते तुम्हाला परकं वाटणार नाही. स्क्रीन ‘नोंद जतन झाली’ म्हणते, तेव्हा टेबलात जाऊन बघायचं: झाली का, एकदाच झाली का, रक्कम तीच आहे का. बटण पटपट दोनदा दाबून दोन नोंदी झाल्या का ते तर बघाच. मग ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स उघडायला शिका. नेटवर्कच्या टॅबमध्ये प्रत्येक विनंतीचा जाब-जबाब दिसतो: २०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे सापडलं नाही, ५०० म्हणजे सर्व्हरच्या पोटात काही बिघडलं. २०० येऊन आत एरर भरलेली असते तेव्हा मजा येते. त्यानंतर एखादी भाषा, पायथन घ्या, फाइल वाचून दोन याद्या ताडून बघण्यापुरती तरी.

आणि तुमच्या हातात एक गोष्ट आयती आहे, ती म्हणजे देवनागरी. संख्येच्या खोक्यात १२३ असं टाइप करून बघा. पायथनला ती संख्या म्हणून चालते, जावास्क्रिप्ट तिला संख्या मानायला तयार नसतं. म्हणजे स्क्रीन एक म्हणते आणि सर्व्हर दुसरंच, असं होऊ शकतं. नावाच्या खोक्यात ‘क्षि’ टाका: डोळ्यांना एक अक्षर, युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संगणकी पद्धतीत) चार खुणा. लांबीची मर्यादा नेमकी काय मोजते ते लगेच कळतं. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र तर दोन वेगळ्या प्रकारांनी टाइप होतो. दिसतो सारखाच, आणि शोध मात्र एकाने केला तर दुसरा सापडत नाही.

प्रश्न: पहिल्याच नोकरीत आहे. मी नोंदवलेले बग डेव्हलपर ‘माझ्या मशीनवर चालतंय’ किंवा ‘पुन्हा घडत नाही’ असं लिहून बंद करतात. एकदा तर मी नोंदवलेलाच बग पुढे ग्राहकाला दिसला. भांडू की सोडून देऊ?

उत्तर: भांडू नका, आणि सोडून तर मुळीच देऊ नका. आधी तुमचा रिपोर्ट बघू. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात लिहिलं आहे, ‘सेव्ह केल्यावर कधी कधी एरर येते.’ हा रिपोर्ट मी असते तर मीही बंद केला असता.

यात ‘कधी कधी’ फोडायला हवं. कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या ब्राउझरवर, कोणत्या युजरच्या हक्कांनी लॉगिन करून, आधी काय केलं होतं, कोणता डेटा होता. किती वेळा करून पाहिलं आणि त्यांतून किती वेळा आलं. काय व्हायला हवं होतं, काय झालं. शीर्षक असं हवं: ‘पर्यंतची तारीख बदलून लगेच सेव्ह केल्यास जुनीच तारीख जतन होते.’ हे वाचून डेव्हलपर बहुतेक वेळा खुर्चीतच म्हणतो, ‘अरे हो.’

त्या वाक्यातला ‘लगेच’ हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. ‘पुन्हा घडत नाही’ म्हटल्या जाणाऱ्या बऱ्याच बगांचा जीव वेळेत असतो. थेरॅक-२५ हे किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याच्याकडून रुग्णांना अतिप्रचंड मात्रा दिली गेल्याच्या सहा घटना ज्ञात आहेत, काही रुग्ण दगावले. त्यांतल्या एका ठिकाणी यंत्राने फक्त ‘मालफंक्शन ५४’ एवढं दाखवलं. कंपनीच्या इंजिनिअरांना ते काही केल्या पुन्हा घडवता येईना. शेवटी तिथले भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी तंत्रज्ञ दोघं बसली आणि तेच तेच करून पाहत राहिली. उलगडा झाला तो वेगामुळे. रोजच्या सवयीने तंत्रज्ञाचा हात इतका बसलेला होता की उपचाराचा प्रकार चुकीचा पडल्यावर ती कर्सर वर नेऊन तो झटकन दुरुस्त करत असे. यंत्रातले चुंबक जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागत, आणि त्या आठ सेकंदांत झालेली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या एका भागाला कळतच नसे. सावकाश टाइप करणाऱ्या इंजिनिअरांना तो बग दिसणं शक्यच नव्हतं. आधीच्या मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्येही तसाच दोष असल्याचं पुढे आढळलं. तिथे स्वतंत्र यांत्रिक अटकाव होता, म्हणून कोणाला इजा झाली नाही. नव्या यंत्रात तो काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला होता.

तेव्हा डेव्हलपरला चिठ्ठी लिहिण्याऐवजी पाच मिनिटं शेजारी बसवून घ्या आणि तुमच्या वेगाने करून दाखवा. स्क्रीनचं रेकॉर्डिंग आणि त्या वेळचा लॉग (प्रोग्रॅमने आपोआप ठेवलेली नोंद) जोडा. तरीही घडलं नाही तर रिपोर्ट उघडाच ठेवायला सांगा आणि पुन्हा दिसला की तारीखवेळेसकट त्याच रिपोर्टमध्ये नोंद वाढवत जा. ऑडिटमध्ये आम्ही न जुळलेला आकडा खोडत नसू, ‘सस्पेन्स’मध्ये, म्हणजे उलगडा होईपर्यंतच्या तात्पुरत्या खात्यात, ठेवत असू. बगचंही तसंच.

प्रश्न: आमचे मॅनेजर रिलीजच्या आदल्या संध्याकाळी विचारतात, ‘सगळं टेस्ट झालं ना? गॅरंटी देता ना?’ हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर मीच कामचुकार. काय उत्तर द्यावं?

उत्तर: त्यांना एक हिशेब दाखवा. दोन ३२ बिटी पूर्णांकांची बेरीज करणारा चिमुकला प्रोग्रॅम. निविष्टींच्या, म्हणजे आत दिलेल्या आकड्यांच्या, जोड्या होतात २ चा ६४वा घात. सेकंदाला एक अब्ज जोड्या तपासल्या तरी साधारण ५८४ वर्षं लागतील, आणि ही झाली नुसती बेरीज. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ मध्येच सांगून ठेवलं होतं की टेस्टिंगने बग असल्याचं दाखवता येतं, नसल्याचं नाही.

एवढं बोलून थांबलात तर तुम्ही कामचुकारच ठराल. ‘सगळं’ ऐवजी तीन गोष्टी लेखी द्या: काय तपासलं आणि कोणत्या परिस्थितीत, काय तपासलं नाही आणि का, आणि त्यातल्या कशाने तुमची झोप उडते. तिसरं सर्वांत महत्त्वाचं, आणि तेच कोणी लिहीत नाही. मग रिलीज करायचं की नाही हा त्यांचा निर्णय. निर्णयाचा पगार त्यांना मिळतो.

‘कोणत्या परिस्थितीत’ हे का, त्याला एरियन-५ या अग्निबाणाचा दाखला आहे. ४ जून १९९६, पहिलं उड्डाण. उड्डाणक्रम सुरू झाल्यावर सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण भरकटला आणि नष्ट झाला. दिशा सांगणारं सॉफ्टवेअर एरियन-४ वरून उचललेलं होतं, तिथे ते वर्षानुवर्षं नीट चाललेलं. नवा अग्निबाण सुरुवातीलाच अधिक वेगाने आडवा सरकत होता. तो आकडा ६४ बिटांच्या दशांशी संख्येतून १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबताना मावला नाही, आणि मुख्य व राखीव अशी दोन्ही यंत्रणा एकाच कारणाने बंद पडल्या, कारण दोन्हींत तेच सॉफ्टवेअर होतं. चौकशी मंडळाच्या अहवालातली बोचणारी गोष्ट पुढे आहे: गणिताचा तो भाग उड्डाण झाल्यानंतर एरियन-५ ला लागतच नव्हता, आणि त्या यंत्रणेची चाचणी एरियन-५ च्या मार्गाचे आकडे देऊन झालीच नव्हती. ‘टेस्ट झालं का?’ या प्रश्नाला तिथेही कोणीतरी प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणू शकलं असतं.

प्रश्न: मॅन्युअल टेस्टिंग संपलं असं ऐकतो. थेट सेलेनियम किंवा प्लेराइट (ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करणारी साधनं) शिकू का? आता तर एआय टेस्ट लिहून देतं. आमच्या टीममध्ये त्याने भराभर टेस्ट लिहून घेतल्या, कव्हरेज (टेस्टमध्ये कोडचा किती भाग चालला ते) १०० टक्के आहे आणि सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, आहेत. मग आमच्यासारख्यांनी करायचं काय?

उत्तर: हिरवा रंग बघून मला ऑडिटमधली टिकमार्कांनी भरलेली पानं आठवतात. प्रत्येक ओळीवर टिक असे. कशाशी ताडून केली ते विचारलं की खोलीत शांतता.

आधी कव्हरेज. समजा कोड असा आहे: सवलत रिकामी ठेवा, ग्राहक सभासद असेल तर सवलत दहा टक्के करा, किमतीतून सवलत वजा करा. सभासदाची एकच टेस्ट लिहिली की तिन्ही ओळी चालल्या, ओळींचं कव्हरेज १०० टक्के. सभासद नसलेला पहिला ग्राहक आला की रिकामी सवलत वजा करताना प्रोग्रॅम कोसळतो. कव्हरेज सांगतं कोणत्या ओळी चालल्या. त्या बरोबर चालल्या का, याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. कव्हरेज कमी असेल तर ती बातमी आहे. जास्त असेल तर त्यावरून मी काहीच ठरवत नाही.

एआयचं दुखणं जरा वेगळं. त्याच्यापुढे कोड ठेवून ‘टेस्ट लिही’ म्हटलं तर ते कोड काय करतो ते वाचून तसंच अपेक्षित उत्तर लिहू शकतं. कोडमध्ये ‘मोठी किंवा समान’ असेल तर टेस्टमध्येही तेच उतरतं. हे म्हणजे खातेवहीचा ताळा त्याच खातेवहीशी. त्याला कोड न दाखवता फक्त नियम द्या, अपेक्षित उत्तरं तुम्ही ठरवा, आणि डेटा बनवणं, वीसेक प्रकार सुचवणं असली हमाली त्याच्याकडून घ्या. हमालीत ते खरंच चांगलं आहे.

सेलेनियम की प्लेराइट, या वादात मी पडत नाही. एक नीट आलं की दुसरं शिकायला वेळ लागत नाही. पण जी टेस्ट हाताने करताना तुम्ही अपेक्षित उत्तर सांगू शकत नाही ती स्क्रिप्टमध्ये घालू नका. स्क्रिप्ट पान उघडेल, बटण दाबेल, काहीही न तपासता हिरवी होईल. अशा टेस्ट मी ढिगाने पाहिल्या आहेत.

तुमच्या त्या हिरव्या टेस्टचं काय करायचं ते सांगते. कोडची स्वतंत्र प्रत घ्या आणि मुद्दाम बिघडवा. अधिकच्या जागी वजा करा, ‘पेक्षा मोठी’च्या जागी ‘पेक्षा मोठी किंवा समान’ घाला, एखादी अट उलटी करा. प्रत्येक बदलानंतर सगळ्या टेस्ट चालवा. एकही लाल झाली नाही, तर त्या ओळीवर पहारा नाही. डिमिलो, लिप्टन आणि सेवर्ड या संशोधकांनी १९७८ मध्ये ही कल्पना नीट मांडली, तिला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात, आणि आता हे आपोआप करणारी साधनंही आहेत. पहिल्यांदा मात्र हातानेच करा, एकाच फाइलवर. कोणते बदल निसटले त्याची यादी मला पाठवा, पुढच्या अंकासाठी ती मला हवीच आहे.